ते सदतीस कोण?

बरेच दिवसांनी लिहितोय. विषय राजकारणाचा आहे म्हणून घरच्यांनी आधीच डोळे वटारले आहेत. "आप्पा, आता या वयात कशाला?" असे सूनबाईंचे म्हणणे. पण या वयात नाही तर कधी? आता माझी कोण बदली करणार आहे?

आमच्या नरसिंहपूरच्या घाटावर उभे राहिले की एका हाताला भीमा आणि एका हाताला नीरा. पुणे जिल्हा इथे पाण्यात संपतो. नीरेपलीकडे दिसते ते रान माळशिरस तालुक्याचे, जिल्हा सोलापूर. त्याच तालुक्यातले मारकडवाडी नावाचे गाव डिसेंबर २०२४ मध्ये एकदम देशभर गाजले. विधानसभेचा निकाल लागला होता. माळशिरसमधून उत्तमराव जानकर निवडून आले, राम सातपुते पडले. पण मारकडवाडीच्या केंद्रांवर मात्र सातपुत्यांना १००३ आणि जानकरांना ८४३ मते निघाली. जानकरांच्या बाजूचे गावकरी म्हणाले, हे शक्यच नाही, गाव आमचे आहे, मशीनमध्ये घोळ आहे. म्हणून त्यांनी ३ डिसेंबरला स्वतःच कागदी मतपत्रिका छापून गावात पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, गावात पोलीस उतरले, मतदान झाले नाही, उलट गुन्हे दाखल झाले. मग नेत्यांच्या गाड्या आल्या, सभा झाल्या आणि वाहिन्यांना आठवडाभराचे खाद्य मिळाले.

तेव्हापासून आमच्या पारावर दोन तट आहेत. एक म्हणतो, मशीन म्हणजे शुद्ध फसवणूक. दुसरा म्हणतो, मशीनवर शंका घेणारा देशद्रोही. मला दोघांशीही भांडायचे आहे. कारण मारकडवाडीत जी खरी गोष्ट उघड्यावर पडली ती दोघांनाही दिसली नाही.

ती सांगण्याआधी एक जुनी हकीकत सांगतो.

१९७७ च्या लोकसभेपासून मी निवडणुकीच्या ड्यूट्या केल्या. मास्तराला जनगणना, पल्स पोलिओ आणि निवडणूक चुकत नाही. आधी मतदान अधिकारी, मग केंद्राध्यक्ष. परिणामी तीस वर्षांत स्वतःचे मत बहुधा टपालानेच. २००९ साली निवृत्त झालो आणि त्या ऑक्टोबरमधल्या विधानसभेला साधा मतदार म्हणून रांगेत उभा राहिलो. नोकरीच्या गावी नाव होते, तिथेच. गावाचे नाव सांगत नाही. निळे बटण दाबले, बीप वाजला, बाहेर आलो. छान वाटले हो, खरंच.

दिवाळी झाली, कारखाने सुरू झाले. एका सकाळी चहाच्या हॉटेलात गेलो तर चार-पाच कार्यकर्ते एका झेरॉक्सवर वाकलेले. नमुना २०. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली ते केंद्रनिहाय लिहिलेले असते. आमच्या केंद्रावर एकाला ४१२, दुसऱ्याला ३७, बाकी किरकोळ. आणि चर्चा काय चालली होती? ते सदतीस कोण! बोटांवर मोजणी चालू होती. अमक्याच्या घरात पाच, तो मागे सोसायटीच्या निवडणुकीत फुटला होता. मळ्यावरच्या वस्तीवर चौदा, त्यांचा पाहुणा तिकडच्या पार्टीत आहे. एकोणीस झाले. पुढे? कोणी तरी माझ्याकडे पाहिले आणि पटकन म्हणाले, "गुरुजी, चहा घ्या."

त्या वर्षी मळ्यावरच्या वस्तीच्या उसाला तोड आली ती मार्च सरताना. ज्याने ऊस लावला आहे त्याला याचा अर्थ सांगायला नको. तुरा आलेला, पाचट झालेला ऊस. टनेज गेले ते गेलेच, वर टोळीला हातावर पैसे ठेवावे लागले ते वेगळे. नोंदी तर इतरांच्या बरोबरीच्याच होत्या. मतामुळेच झाले का? मी सिद्ध करू शकत नाही. चिटबॉयला विचारले तर तो म्हणणार टोळ्या कमी होत्या. पण वस्तीवरच्या माणसांना जे समजायचे ते समजले, आणि पुढच्या निवडणुकीत त्या केंद्रावर विरोधी मते निघाली नऊ. तीनशे-चारशे उंबऱ्यांच्या गावात गुप्त मतदान असे मरते. त्याला कोणी बूथ ताब्यात घ्यावे लागत नाही.

माझे मत त्या सदतीसांत होते का? नातेवाईक मंडळी, तुम्ही हे वाचताना हाच विचार करताय, मला माहीत आहे. सांगणार नाही. कायदाच म्हणतो की कोणाला मत दिले हे सांगायला कोर्टसुद्धा मला भाग पाडू शकत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ९४ वे कलम काढून वाचा.

आता कागदी मतपत्रिकेच्या काळी हे होत नव्हते का? होत होते, पण त्यावर इलाज नियमातच होता. निवडणूक नियमांत ५९ अ म्हणून नियम आहे: जिथे मतदारांवर दडपण येण्याची, नंतर सूड उगवला जाण्याची भीती आहे तिथे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळायच्या आणि मगच मोजायच्या. त्या अशा मिसळल्या की कुठल्या गावाचे मत कुठले हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मशीन आले आणि ही मिसळण गेली. प्रत्येक कंट्रोल युनिट म्हणजे एक केंद्र, बटण दाबले की त्या केंद्राचा निकाल सगळ्यांसमोर. यंत्राने मोजणी जलद केली यात वाद नाही. पण गावाचे गुपित चव्हाट्यावर आणले तेही त्याच यंत्राने.

आणि इलाज नाही असेही नाही! टोटलायझर नावाचे साधन आहे. चौदा केंद्रांची कंट्रोल युनिटे एकत्र जोडायची, वेगवेगळे आकडे न दाखवता एकदम बेरीज दाखवायची. २००८ साली खुद्द निवडणूक आयोगानेच केंद्र सरकारपुढे हा प्रस्ताव ठेवला. २०१५ च्या मार्चमध्ये विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात तीच शिफारस केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा केंद्र सरकारने विरोध केला. कारण ऐकण्यासारखे आहे: केंद्रनिहाय आकडे कळले तर उमेदवाराला कुठे आपण कमी पडलो, कुठे अधिक काम करायला हवे ते कळते! वा रे वा. ज्या वस्तीने मत दिले नाही तिथे धावत जाऊन अधिक काम करणारा उमेदवार मला पंच्याहत्तर वर्षांत तरी भेटलेला नाही. तुम्हाला भेटला असेल तर त्याचा सत्कार करू, नारळ मी आणतो.

२०१४ च्या लोकसभेच्या वेळी आमच्याच बारामती मतदारसंघातल्या मासाळवाडीचे प्रकरण आठवत असेल. मत दिले नाही तर गावाचे पाणी तोडू, असे एका बड्या नेत्याने गावकऱ्यांना धमकावल्याचा आरोप झाला, पोलिसांत तक्रार गेली, नेत्याने इन्कार केला. नाव लिहीत नाही, इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ते तसे बोलले की नाही या वादात मी पडत नाही. मला एवढेच दिसते की गावाने कोणाला मत दिले हे कळणारच नसेल तर असली धमकी देऊन उपयोगच काय?

हे झाले गुपिताचे. आता पडताळ्याचे.

पत्र्याची मतपेटी असायची तेव्हा सकाळी सगळ्या पक्षांच्या एजंटांसमोर मी ती उघडून, उलटी करून, आत हात फिरवून दाखवत असे. मग कागदी सील, दोरा, लाख. एकदा एक अंगठेबहाद्दर म्हातारा एजंट म्हणून बसला होता. त्याने स्वतः पेटीत डोकावून पाहिले, वर टिचकी मारली आणि "हं, रिकामी हाय" म्हणून मान डोलावली. झाला पडताळा. त्याला ना शिक्षण लागले ना साहेबाचे प्रमाणपत्र.

२००४ साली लोकसभेला देशभर सगळीकडे मशीन आले. (पहिला प्रयोग केरळात परूर मतदारसंघात १९८२ साली पन्नास केंद्रांवर झाला होता, आणि कायद्यात तरतूद नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली तो रद्द ठरवला होता. मग कायदा बदलला.) सकाळी मी नियमाप्रमाणे अभिरूप मतदान घेऊन दाखवले. प्रत्येक चिन्हाची बटणे दाबली, रिझल्ट दाखवला, क्लिअर केले. एक तरुण एजंट म्हणाला, "गुरुजी, हे ठीक, पण आत काय आहे ते दाखवा की." मी म्हणालो, "बाबा, आत काय आहे ते मलाही माहीत नाही." सगळे हसले. मीही हसलो. पण वर्गात पोराने प्रश्न विचारावा आणि मास्तरने हसण्यावारी न्यावा तसे ते झाले, आणि ते मला अजून टोचते.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी नेमका हाच प्रश्न उचलला. त्यांच्याकडे घोटाळा सापडला होता असे नाही. न्यायालय म्हणाले की मतदान आणि मोजणी यांचे महत्त्वाचे टप्पे कुठल्याही सामान्य नागरिकाला, विशेष तांत्रिक ज्ञान नसतानाही, तपासता आले पाहिजेत. या यंत्रांत ते येत नाहीत, म्हणून ही यंत्रे या स्वरूपात चालणार नाहीत. म्हणजे आमच्या त्या अंगठेबहाद्दर म्हाताऱ्याचा हक्क जर्मन न्यायाधीशांना कळला!

आपल्याकडे काय झाले? २०१० साली हैदराबादच्या हरि प्रसाद नावाच्या अभियंत्याने दोन परदेशी तज्ज्ञांबरोबर खरे मशीन उघडून त्यात फेरफार कसा करता येतो ते दाखवले. ते मशीन मुंबईतल्या सरकारी ताब्यातून गेलेले होते, म्हणून त्यांना चोरीच्या प्रकरणात अटक झाली. आता मशीन परवानगीशिवाय घेतले हे चूकच. पण आपण होऊन तज्ज्ञांपुढे मशीन ठेवून "घ्या, मोकळेपणाने तपासा" असे कोणी म्हणाले असते तर ती वेळच आली नसती. आमच्या नरसिंहाची कथा आठवते. देव खांबातही आहे असे प्रह्लादाने नुसत्या विश्वासाने म्हटले. हिरण्यकश्यपूने खांबाला लाथ मारून तपासले. भक्ताने प्रह्लादासारखेच असावे. पण मतदाराने? मतदाराने खांबावर टिचकी तरी मारायलाच हवी. (देवळातल्या मंडळींनी रागावू नये.)

८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कागदी पडताळा आवश्यक आहे असे सांगितले आणि व्हीव्हीपॅट आले. बटण दाबले की काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते, मग ती खाली पेटीत पडते. ही मात्र खरी सुधारणा. चिठ्ठी मतदाराने स्वतः डोळ्यांनी पाहिलेली असते, आणि मशीनचा आकडा व चिठ्ठ्यांचा आकडा जुळला नाही तर नियमाप्रमाणे चिठ्ठ्यांचा आकडा खरा धरतात. मग चिठ्ठ्या मोजता किती? २०१९ पासून एका विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या. २०२४ च्या आपल्या विधानसभेत २८८ गुणिले ५ म्हणजे १४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या, आणि कुठेही फरक आढळला नाही असे निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले.

माझे मशीनविरोधी मित्र इथे कान बंद करतात. करू नका. मी मराठीचा मास्तर, म्हणून गणिताच्या एका जुन्या सहकाऱ्याला बसवून हिशेब करून घेतला. लाखभर केंद्रांतून चिठ्ठ्या टाकून १४४० निवडली आणि एकही चूक निघाली नाही, तर राज्यभर घाऊक गडबड झाली हे म्हणणे टिकत नाही. शंभरात दोन केंद्रे बिघडलेली असती तरी त्यातले एखादे हाती लागलेच असते. शितावरून भाताची परीक्षा होते, मात्र भात नीट ढवळलेला हवा आणि शिते पुरेशी हवीत.

पण एका मतदारसंघाचा विचार करा. साधारण ३५० केंद्रे. समजा ३५ केंद्रांत गडबड आहे, म्हणजे दहात एक. आपण पाच तपासली. पाचही चांगली निघण्याची शक्यता शंभरात एकोणसाठ! म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा चोर सुटला. आणि सीट पाचशे मतांनी गेलेली असो की पन्नास हजारांनी, तपासायची केंद्रे पाचच. हे कुठल्या शाळेचे गणित?

माझी पुतणी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरला असते. तिच्या राज्याने २०१७ पासून राज्यभर वेगळीच पद्धत आणली. निकाल जितका अटीतटीचा तितके अधिक कागद तपासायचे, मोठ्या फरकाचा असेल तर थोडे. कुठले कागद काढायचे ते ठरवायला लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकतात आणि त्या आकड्यांवरून निवड होते. आपल्याकडच्या सगळ्या चिठ्ठ्या मोजा अशी मागणी २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. सगळ्या मोजू नका, ठीक आहे. पण फरकाच्या प्रमाणात मोजायला काय हरकत आहे? तिथे खुद्द मतदारालाही एक अडचण आहे. काचेमागे चुकीची चिठ्ठी दिसली म्हणून तक्रार केली तर तुम्हाला लेखी देऊन पुन्हा चाचणी मत टाकावे लागते, आणि त्या वेळी चिठ्ठी बरोबर आली तर तक्रार खोटी ठरून सहा महिन्यांपर्यंत कैदेची भीती. आमच्या वस्तीवरची कोणती बाई ही तक्रार करील?

काही जण म्हणतात, चिठ्ठी मतदाराच्या हातात द्या, घरी नेऊ द्या. अहो, मग काय राहिले? पाकीट देणारा दारात उभाच आहे. चिठ्ठी दाखव, पैसे घे. पडताळा इतका पक्का केला की गुपित मेले. हाच तर या विषयाचा पेच आहे. बँकेत पासबुक तपासता येते कारण पैसे माझे आहेत हे बँकेला ठाऊक असते. इथे मत मोजले गेले याची खात्री मला हवी, आणि ते माझे आहे हे मात्र कोणालाच कळता कामा नये, मला ते सिद्ध करून दाखवताही येता कामा नये. परदेशातल्या गणितज्ञांनी यावर सांकेतिक लिपीचे तोडगे काढले आहेत. मेरिलँडमधल्या टाकोमा पार्क गावाने २००९ साली नगरपालिकेच्या निवडणुकीत तसा एक वापरलाही: मतपत्रिकेवर गुप्त संकेत उमटतो, तो टिपून घेऊन नंतर आपले मत यादीत आहे का ते पाहता येते, पण संकेतावरून मत कोणाला ते दुसऱ्याला कळत नाही. बुद्धीचे कौतुक वाटते. तरी म्हाताऱ्याच्या टिचकीची सर त्याला नाही. अभियंत्याऐवजी गणितज्ञावर विश्वास ठेवायचा, एवढाच फरक.

आणि आपल्याकडे गुपिताचा उपयोग कशासाठी होतो ते पाहा. २०२५ साली मतदान केंद्रांवरचे सीसीटीव्ही चित्रण मागितले तेव्हा आयोगाने मतदारांच्या खाजगीपणाचे कारण सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्तांनी ऑगस्टमध्ये पत्रकारांना विचारले, लोकांच्या आया-सुनांचे चित्रण द्यायचे का? रांगेत उभी राहिलेली सूनबाई अख्ख्या गावाने पाहिलेली असते हो! तिने कोणाला मत दिले ते झाका ना. ते मात्र नमुना २० मध्ये केंद्रनिहाय छापून टाकता. आणि स्थानिक निवडणुकांत तर दोन्हीकडून नागवण. तिथे केंद्रे लहान, माणसे ओळखीची, आणि व्हीव्हीपॅट वापरणार नाही असे राज्य निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये सांगून टाकले. म्हणजे गुपितही नाही आणि पडताळाही नाही.

आता पुन्हा मारकडवाडी. गावात कागदावर मतदान झाले असते तर काय सिद्ध झाले असते? पहिल्या वेळी सातपुत्यांना मत देणारा माणूस त्या दिवशी सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर दुसऱ्यांदा मत द्यायला आला असता का? आला नसता तर घरी बसला म्हणून ओळखला गेला असता. आला असता तर मत बदलले असते. ते मतदान म्हणजे "ते १००३ कोण?" हे शोधण्याची गावजत्राच झाली असती. म्हणून ते चुकीचे होते. पण पोलीस लावून ते थांबवणे हेही उत्तर नव्हते. गावकऱ्यांना शंका होती, चिठ्ठ्या सीलबंद पेटीत पडलेल्या होत्या. अधिकाऱ्यांपुढे, दोन्ही बाजूंच्या एजंटांपुढे त्या मोजून दाखवायची सोय नियमात असती, तर दुपारच्या चहापर्यंत विषय मिटला असता.

दोन्ही एकदम जमते का असे कोणी विचारील. जमते. चौदा केंद्रांचा एक गट करा. टोटलायझरने गटाची बेरीज काढा. केंद्रावर एकूण किती मते पडली हे नमुना १७ क मध्ये एजंटांना लिहून मिळतेच, ती बेरीज जुळवा. मग लोकांसमोर फासे टाकून काही गट निवडा, त्या गटांच्या चिठ्ठ्या ड्रममध्ये ओता, मनसोक्त ढवळा आणि मोजा. सीट अटीतटीची असेल तर गट वाढवा. काम वाढेल, निकाल एखादा दिवस उशिरा लागेल. लागू द्या. १९७७ साली निकालाला रात्र रात्र जागलो, काही बिघडले नाही.

परवा घाटावर मळ्यावरच्या त्या वस्तीतला एक जण भेटला, दर्शनाला आला होता. केस पिकलेत त्याचे. प्रसादाचा नारळ माझ्या हातावर ठेवत हळूच म्हणाला, "गुरुजी, आता तरी सांगा. त्या सदतीसांत तुम्ही व्हता का?"

मी विचारले, "यंदा उसाला तोड वेळेवर आली का?"